जुन्या पोकलेनचे पिन-बुश

मागच्या काही भागांत आपण जुनी मशीन घेताना इंजिन, पंप आणि चेन कशी बघायची ते पाहिलं. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच होता, "बकेट हलते, विकणारा म्हणतो पिन-बुश टाकले की झालं, खरंच तेवढंच असतं का?" कधी तेवढंच असतं. कधी मात्र त्या 'टाकले की झालं' मध्ये मशीनच्या पहिल्या तीन-चार महिन्यांची कमाई जाते. शेत गहाण ठेवून किंवा हप्त्यावर मशीन घेणाऱ्याला हा फरक सौदा होण्याआधी कळायला हवा.

आधी नावाबद्दल थोडं. आपण एक्स्कॅव्हेटरला पोकलेन म्हणतो ते पोक्लेन या फ्रेंच कंपनीमुळे. लार्सन अँड टुब्रोने १९७०च्या दशकात तिच्या सहकार्याने ही यंत्रं आपल्याकडे आणली आणि नाव असं चिकटलं की आज टाटा हिताची असो, कोमात्सु असो की ह्युंदाई, साइटवर ती पोकलेनच. मी राहतो त्या पंचकुल्यातही तेच. इथे चेन मशीनही म्हणतात. लेथला इथे खराद म्हणतात आणि मेकॅनिकला उस्ताद. एवढे तीन शब्द आले की इंडस्ट्रियल एरियात तुमचं काम अडत नाही.

पंचकुला मी मुद्दाम मध्ये आणतोय. पिन-बुश किती टिकतील हे मशीनच्या तासांपेक्षा ती कुठल्या मातीत चालली यावर जास्त ठरतं. पंचकुला शिवालिकच्या पायथ्याशी आहे, शेजारून घग्गर वाहते. शिवालिकचे डोंगर म्हणजे वाळूचा दगड, चिकणमाती आणि गोटे यांचे थर. त्या वाळूत क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी भरपूर. गारगोटीची कठिणता मोह्सच्या मापावर ७. चांगलं कडक केलेलं पोलाद तिच्या आसपास किंवा किंचित खाली. म्हणजे सांध्यात शिरलेला वाळूचा प्रत्येक कण पिनवर कानस चालवतो. आपल्या सह्याद्रीचा बसाल्ट फोडायला जड असला तरी त्यात सुटी गारगोटी जवळजवळ नसते. बसाल्टमध्ये दातांचे हाल होतात आणि बकेटला हादरे बसतात. नदीच्या वाळूत सांधे झिजतात. त्यामुळे घग्गरच्या पात्रात किंवा परवाणू-सोलन रस्त्याच्या चौपदरीकरणासारख्या डोंगरकापणीत चाललेली चार हजार तासांची मशीन आणि मराठवाड्यात काळ्या मातीत शेततळी खणलेली चार हजार तासांची मशीन, मीटरवर सारखी दिसली तरी सांध्यांनी सारखी नसते. नांदेडचा माणूस इंटरनेटवर फोटो बघून उत्तरेतली मशीन उचलतो तेव्हा हा हिशेब त्याने केलेला नसतो.

उलट प्रकारही आहे. गोव्यात २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या. अशा वेळी मशीन पावसाळ्यामागून पावसाळे उभी राहते. मीटर कमी दाखवतो, सांधा हलत नाही म्हणून घट्टही वाटतो. पण आत गंजाने पिन आणि बुश एकमेकांना धरून बसलेले असतात. काम सुरू केलं की बुशऐवजी पिनच तिच्या घरात फिरू लागते आणि नको ती जागा खाते. तास कमी आहेत म्हणून खूश होऊ नका.

आता सांध्यात काय असतं ते बघू. बूमच्या मुळापासून बकेटपर्यंत डझनभर सांधे असतात. प्रत्येकात एका बाजूचं लोखंड पिन धरून ठेवतं आणि दुसऱ्या बाजूच्या लोखंडात दाबून बसवलेला बुश त्या पिनवर फिरतो. बुश ज्या भोकात बसतो त्याला आपण हाउसिंग म्हणू. झिजायचं ते पिन आणि बुश यांनी; हाउसिंगने अजिबात झिजू नये. सगळी रचनाच त्यासाठी आहे. पिन-बुश बाजारात मिळतात, हाउसिंग मात्र आर्मचा किंवा बूमचा भाग असतो. वीस टनी मशीनला बकेटची पिन साधारण ८० मिलिमीटर जाडीची असते. नव्या सांध्यात पिन आणि बुशमध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास मोकळीक ठेवलेली असते, कारण ग्रीसला जागा लागते. ही मोकळीक एक मिलिमीटरच्या घरात गेली की बदलायची वेळ आली असं धरा. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतो आणि शेवटचा शब्द त्याचाच.

एक मिलिमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. हिशेब करू. बूम आणि आर्मच्या सांध्यात दोन बुश आहेत, त्यांच्यातलं अंतर ३०० मिलिमीटर धरा. दोन्हीत एक-एक मिलिमीटर ढिलाई आहे आणि बाजूच्या शिमही झिजल्यात. आर्म एका बाजूला कलंडतो तेव्हा ३०० मिलिमीटरला एक मिलिमीटर असा तिरपा होतो. आर्म तीन मीटर लांब, म्हणजे टोकाला दहा मिलिमीटर. दुसऱ्या बाजूलाही दहा. एका सांध्याच्या ढिलाईने बकेट दोन सेंटिमीटर डुलते, पुढच्या सांध्यांची भर वेगळीच. अशा मशीनने नाल्याचा तळ सपाट होत नाही, ठेकेदार पैसे कापतो. त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक वेळी दिशा बदलताना पिन बुशवर आदळते. तो ठोका हाउसिंगपर्यंत जातो, बुश सैल होतो, हाउसिंगमध्येच फिरू लागतो. त्या दिवसापासून तुमचा खर्च पिन-बुशचा राहत नाही, लाइन बोअरिंगचा होतो.

मशीन बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याने सगळ्या निपलांतून ताजं ग्रीस भरलेलं असण्याची शक्यता धरूनच चला. जाड ग्रीस ठोक्याचा आवाज गिळतं. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं मशीन खरोखर खणायला लावा, मग तपासा. सोबत खडू आणि पट्टी एवढंच न्या. बकेट जमिनीवर टेकवून हलका दाब द्यायला सांगा. इंजिन बंद. आर्मच्या टोकापासून बकेटच्या कानापर्यंत सांध्यावरून खडूची एक सरळ आडवी रेघ मारा आणि बाजूला व्हा. आता बकेट हवेत लटकेल इतकी उचलायला सांगा. परत इंजिन बंद करून, बकेटखाली न जाता, रेघ किती तुटली ते मोजा. ती तूट म्हणजे त्या सांध्याची उभी ढिलाई. प्रत्येक सांध्यावर असं करता येतं. बकेटकडच्या दोन सांध्यांत ढिलाई निघाली तर घाबरू नका, ते आधी झिजतातच. बूमच्या मुळाशी निघाली तर मात्र सौदा पुन्हा बोला, कारण तिथली पिन काढायची म्हणजे अख्खी बूम क्रेनवर धरावी लागते.

आणि वेल्डिंग बघा. पिनच्या डोक्याभोवती वेल्डचा हार दिसला, किंवा बकेटच्या कानाला वॉशरसारखा तुकडा चिकटवलेला दिसला, तर कोणीतरी हाउसिंगचं काम टाळून दिवस ढकललेत. नवा रंग फक्त सांध्यांपाशी असेल तर तो खरवडून बघायला संकोच करू नका.

मशीन घेतली, आता काम करू. पहिला नियम: पिन एकटी किंवा बुश एकटा बदलू नका. झिजलेला बुश लंबगोल झालेला असतो. त्यात गोल नवी पिन टाकली तर ती पूर्ण पृष्ठभागावर टेकत नाही, एका रेघेवर टेकते. सगळा भार त्या रेघेवर येतो आणि नवी पिन काही आठवड्यांत जुनी होते. पैसे वाचवायला केलेली ही गोष्ट सगळ्यात महाग पडते.

माप घेताना एक सोपी सोय आहे. पिनची दोन टोकं बुशला लागत नाहीत, तिथे मूळ जाडी शाबूत असते. व्हर्नियरने ती मोजा, मग मधल्या भागात एकमेकांना काटकोनात दोन दिशांनी मोजा. मॅन्युअल हाताशी नसलं तरी किती झिजली ते तिथेच कळतं.

पिन कुठून घ्यायची यावर वाद चालतात. कंपनीची महाग, खरादवरची स्वस्त. पंचकुल्याच्या आसपास कातकाम करणारे हात चांगले आहेत. पिंजोरला एचएमटीचा कारखाना होता, मशीन टूल्स आणि ट्रॅक्टर दोन्ही तिथे बनत. ट्रॅक्टरचं काम बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला. कोल्हापूर, सांगली, पुण्यातही असे हात कमी नाहीत. पण प्रश्न कातण्याचा नाही, कडक करण्याचा आहे. चांगली पिन वरून कडक आणि आतून चिवट असते. वरचे काही मिलिमीटर इंडक्शन हार्डनिंगने रॉकवेल सी मापावर ५५ ते ६० पर्यंत नेतात आणि गाभा मऊ ठेवतात. वरून मऊ राहिली तर वाळू तिला खाते. आरपार कडक केली तर धक्क्याने काचेसारखी तुटते. टर्नर 'ईएन ८ चा रॉड आहे, मजबूत आहे' म्हणाला तर एवढ्यावर समाधान मानू नका; हार्डनिंग कुठे केलं ते विचारा. आणि दुकानातच कानस घासून बघा. कडक पिनवर कानस घसरते, मऊ पिनवर चावते. ही परीक्षा टोकाच्या चकतीवर नको, जिथे बुश बसणार तिथे घ्या. स्थानिक पिन घ्यायला माझा विरोध नाही. कानशीच्या परीक्षेत नापास झालेली घ्यायला आहे.

आता पिन काढणं. या कामात माणसांची बोटं जातात, म्हणून थोडं सावकाश सांगतो. मशीन सपाट जागेवर, बकेट पूर्ण जमिनीवर, आर्म आणि बूमखाली लाकडी स्लीपर. इंजिन बंद करून सगळे लिव्हर चारी दिशांना हलवा म्हणजे लाइनमधला दाब उतरतो, मग टाकीची हवा सोडा. सिलिंडरच्या टोकाची पिन काढणार असाल तर आधी सिलिंडर पट्ट्याने बांधा. पिन सुटली की तो सरळ खाली येतो आणि त्याचं वजन एका माणसाला पेलत नाही. कडक पिनवर थेट घण मारू नका. कडक पोलादाचा कपचा बंदुकीच्या छऱ्यासारखा उडतो. मध्ये पितळेचा किंवा मऊ लोखंडाचा रॉड धरा आणि डोळ्यांवर चष्मा लावा, धरणाऱ्यानेही आणि मारणाऱ्यानेही. अडकलेल्या पिनला गॅस लावायचा असेल तर आधी ग्रीस निपल काढा. आत कोंडलेलं ग्रीस तापून पिन बाहेर फेकू शकतं. आणि भोकं जुळली का ते बघायला बोट कधीच घालायचं नाही, टॉर्च घाला. भोक जुळवण्यासाठी ऑपरेटर लिव्हर केसभर हलवतो आणि तेवढ्यात कात्रीसारखं चालतं. हातवारे एकाच माणसाने करायचे, बाकीच्यांनी गप्प बसायचं.

जुना बुश निघत नसेल तर घणाने हाउसिंग बडवण्याची गरज नाही. बुशच्या आतल्या भिंतीवर, लांबीच्या दिशेने, वेल्डच्या दोन-तीन रेघा ओढा आणि थंड होऊ द्या. वेल्ड थंड होताना आकसतो, बुशलाही आकसवतो, आणि कालपर्यंत हटून बसलेला बुश थोड्या ठोक्यांनी सुटतो. पण वेल्डिंगच्या आधी बॅटरीची तार सोडा, कंट्रोलरचे कनेक्टर काढा आणि अर्थचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ, त्याच तुकड्यावर लावा. चिमटा चेनवर लावून आर्मवर वेल्ड केलं तर करंट मधल्या सिलिंडरातून आणि स्विंग बेअरिंगमधून जातो आणि तिथे ठिणगीने खड्डे पडतात. ते महिनाभराने कळतात, तेव्हा कोणी वेल्डरला आठवत नाही.

बुश निघाला की मोकळं हाउसिंग स्वच्छ पुसून चार दिशांनी मोजा. गोल निघालं आणि नवा बुश हाताने आत जात नसेल, तर तुम्ही वाचलात. लंबगोल निघालं किंवा बुश हाताने सरकला, तर लाइन बोअरिंग. यात हाउसिंगच्या आत वेल्डने भर घालून, मग दोन्ही भोकांतून एकच लांब बार टाकून दोन्ही एका रेषेत कापतात. 'एका रेषेत' हेच त्यातलं खरं काम. भोकं वेगवेगळी कापली आणि अर्ध्या मिलिमीटरने चुकली, तर ३०० मिलिमीटरला अर्धा म्हणजे तीन मीटरला पाच मिलिमीटर आर्म तिरका. शिवाय पिन बुशच्या फक्त कडांवर टेकेल. हे मशीन आता साइटवर उचलून आणता येतं, आर्म कारखान्यात न्यायची गरज नाही. कोणी सुचवेल की भर घालू नका, भोक मोठं कापून बाहेरून जाड बुश बसवू. स्वस्त आहे, पण एकदाच चालतं. पुढच्या वेळी कापायला भिंत उरत नाही. जुन्या मशीनला तर कोणी आधीच ते करून ठेवलेलं असतं. म्हणून बाजारातून बुश आणण्याआधी हाउसिंगचं माप घ्या, मॉडेल नंबर सांगून बुश मागवू नका.

नवा बुश हाउसिंगपेक्षा बाहेरून किंचित मोठा असतो, म्हणून घट्ट बसतो. तो घणाने ठोकून बसवणारे उस्ताद इथेही आहेत आणि आपल्याकडेही. कडक बुशला त्यात तडा जातो, किंवा तो तिरका शिरून हाउसिंग खरवडतो. थंडीचा उपयोग करा. पोलाद दर अंशाला दर मिलिमीटरमागे साधारण १२ दशलक्षांश आकसतं. बाहेरून ९५ मिलिमीटरचा बुश ३० अंशांवरून डीप फ्रीझरच्या उणे १८ पर्यंत नेला तर ९५ गुणिले ४८ गुणिले ते १२ दशलक्षांश, म्हणजे सुमारे ०.०५५ मिलिमीटर लहान होतो. ड्राय आइसमध्ये उणे ७८ पर्यंत नेला तर ०.१२. घट्टपणासाठी ठेवलेला फरक बहुतेक वेळा याच घरात असतो. आइस्क्रीमवाल्याचा फ्रीझर रात्रभर मागितला तरी निम्मं काम होतं. हाउसिंग हलक्या ज्योतीने हाताला सोसणार नाही इतकं तापवलं की उरलेलं. द्रव नायट्रोजनही वापरतात, पण त्यात कडक बुश ठिसूळ होतो, त्यावर ठोका चालत नाही, आणि बंद शेडमध्ये त्याचा वायू श्वास कोंडतो. फ्रीझर किंवा ड्राय आइसमधून काढल्यावर तुमच्याकडे एखादाच मिनिट असतो. त्यामुळे दिशा आधी ठरवा, बुशवरचं ग्रीसचं भोक हाउसिंगच्या भोकासमोर यायला हवं. ते चुकलं तर ग्रीसगन कितीही दाबा, सांधा कोरडाच. जाड बोल्ट आणि प्लेट लावून, किंवा जॅकने, सरळ ओढून घ्या.

बुश बसला की तो आत दाबला जातो आणि त्याचं भोक थोडं लहान होतं. म्हणून बसवल्यानंतर पिन पुन्हा घालून बघा. बाकबुद्धीने मोठी पिन बनवून आणलेले लोक इथे फसतात. टेबलावर अलगद जाणारी पिन बसवलेल्या बुशात अडकते.

डस्ट सीलचा ओठ बाहेरच्या बाजूला ठेवा. जुनं ग्रीस त्यातून बाहेर पडलं पाहिजे आणि वाळू आत येता कामा नये. उलटा बसवलेला सील नेमका उलटं काम करतो. मग शिम. आर्म आणि बकेटच्या कानांमधली बाजूची मोकळीक अर्धा ते एक मिलिमीटर राहील इतक्या शिम दोन्ही बाजूंनी वाटून घाला, सगळ्या एकीकडे नकोत. पिन अडवणारा बोल्ट बऱ्याच मशीनना दोन नटांचा असतो. ते दोन नट एकमेकांवर आवळायचे असतात, पिनवर नाही. बोल्ट थोडा खुळखुळला पाहिजे. नवा हेल्पर तो दया न दाखवता आवळतो आणि आठवड्यात तुटला म्हणून परत येतो.

ग्रीसबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण वर सांगितलेलं सगळं त्यावर टिकतं. एनएलजीआय २ जाडीचं, मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं ग्रीस बकेट आणि आर्मच्या सांध्यांना चांगलं. नव्या पिन-बुशला पहिले पन्नास तास दर तीन-चार तासांनी ग्रीस द्या, त्यानंतर रोज. दोन पंप मारून मोजणं सोडा. जुनं काळं ग्रीस संपून सीलपाशी नवं दिसेपर्यंत द्या. भार सांध्याच्या ज्या बाजूला असतो तिथे ग्रीस शिरत नाही, म्हणून अर्धं ग्रीस बकेट टेकवून आणि अर्धं लटकवून द्या. मला विचाराल तर वेळ सकाळची नको, संध्याकाळची हवी. काम संपलं की सांधा गरम असतो, ग्रीस सहज पसरतं, दिवसभराची वाळू बाहेर ढकलतं आणि रात्रीच्या दवाला आत यायला जागा राहत नाही. पंचकुल्यात जानेवारीच्या धुक्यात सकाळी ग्रीसगनच दाबली जात नाही, तेव्हा हेल्पर दोन पंप मारून मोकळा होतो. पाण्यात काम झालं असेल तर त्याच दिवशी पुन्हा. जुलै २०२३ मध्ये घग्गरला पूर आला तसा गाळ सांध्यावरून गेला असेल, तर नवं ग्रीस स्वच्छ बाहेर येईपर्यंत मशीन हलवू नका.

पहिल्या दिवशी काम संपल्यावर प्रत्येक नव्या सांध्यावर हात ठेवून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर ग्रीस पोहोचत नाही किंवा पिन घट्ट आहे, लगेच थांबा. आणि खडूने पुन्हा तशीच रेघ मारून तूट वहीत लिहून ठेवा, तारीख आणि मीटरच्या तासांसह. पाचशे तासांनी पुन्हा मोजा. दोन आकड्यांवरून पुढचे पिन-बुश कधी लागतील ते कळेल, आणि मशीन कधी विकायची ठरवलीत तर ती वही घेणाऱ्यापुढे ठेवता येईल.